गुंड्या जेवत नाही

"ताई, गुंड्या जेवत नाही गं."

डिसेंबरचा दुसरा आठवडा. धाकट्या बहिणीकडे, ओहायोतल्या कोलंबसला जायची माझी बॅग अर्धी भरलेली आणि भाजणी न्यायची की मेतकूट यावरून वजनकाट्याशी वाद चाललेला. तेवढ्यात हा फोन. गुंड्या म्हणजे तिचा मुलगा नव्हे. मुलगा ईशान सोळा वर्षांचा आहे आणि दिवसातून पाच वेळा जेवतो. गुंड्या हा त्याचा साप. ईशानने त्याचं काहीतरी भारदस्त इंग्रजी नाव ठेवलं होतं, पण जरा खुट्ट झालं की हा स्वतःची घट्ट गुंडाळी करून डोकं मधोमध लपवतो. ते बघून बहिणीने पहिल्याच दिवशी त्याला गुंड्या म्हटलं आणि तेच टिकलं. घरात साप आणायला तिचा दोन वर्षं विरोध होता. आता तोच उपाशी आहे म्हणून तिला घास गोड लागत नव्हता.

"किती दिवस झाले?"

"अकरा आठवडे."

मी भाजणीची पिशवी खाली ठेवली. अकरा आठवडे! आपल्याकडे अकरा तास न जेवलेल्या माणसाला लोक तोंडात साखर घाल म्हणतात.

कोलंबसला पोचले तेव्हा फ्रीजवर एक कागद चिकटवलेला दिसला. डावीकडे तारखा, उजवीकडे ग्रॅम. सप्टेंबरअखेर १६१०. त्यानंतर प्रत्येक आठवड्यापुढे ईशानच्या अक्षरात एकच शब्द, "नाही", आणि महिन्यातून एकदा वजन. मी पोचले त्या दिवशी वजन करायचंच होतं. ईशानने स्वयंपाकाचा म्हणून आणलेला, पण आता सापासाठी राखून ठेवलेला डिजिटल काटा मांडला, त्यावर पोळ्यांचा जुना डबा, आणि डब्यात गुंड्या. चार फुटांचा जीव त्या डब्यात पुरणाचा उंडा ठेवावा तसा बसला. तपकिरी अंगावर सोनेरी ठिपके, मनगटाएवढी जाडी. आकडा हलला, थांबला. १५४०.

मी हिशेब केला. अकरा आठवडे अन्नाचा कण नाही आणि वजन उतरलं ७० ग्रॅम, म्हणजे शेकडा साडेचारसुद्धा नाही. एवढं तर माझं एका तापात उतरतं. काळजीची जागा तिथेच कुतूहलाने घेतली. हा प्राणी जगतोय कशावर?

गुंड्या बॉल पायथन जातीचा. ब्रिटनमध्ये यालाच रॉयल पायथन म्हणतात, कारण शास्त्रीय नावातल्या 'रेजियस'चा अर्थच राजेशाही. आपल्या सह्याद्रीतल्या अजगराचा हा आफ्रिकी चुलतभाऊ, पण आपला दहा फुटांचा होतो आणि हा तीन ते पाच फुटांवर थांबतो. मूळ घर पश्चिम आणि मध्य आफ्रिका. घाना, टोगो, बेनिन या देशांतून गेल्या काही दशकांत हे साप मोठ्या संख्येने अमेरिका-युरोपातल्या घरांत गेले. आफ्रिकेत तो उंदीर-घुशींच्या बिळांत नाहीतर वारुळांत दिवसभर पडून असतो. वारूळ आणि साप ही जोडी फक्त आपल्याच कहाण्यांतली नाही, हे वाचून मला उगाच बरं वाटलं. स्वभाव भित्रा, चाल संथ, आयुष्य लांब. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात १९६१ पासून असलेल्या एका मादीने २०२० साली, वयाची साठी उलटून गेल्यावर, सात अंडी घातली, तीही किमान पंधरा वर्षं नराच्या जवळपास न जाता.

पण ही जात पाळणाऱ्यांच्या जगात प्रसिद्ध आहे ती दुसऱ्याच गोष्टीसाठी. जेवणाकडे पाठ फिरवणं. धडधाकट प्रौढ बॉल पायथन काही कारण न दाखवता चार-सहा महिने उपवास करतो. काही याहूनही लांबवतात.

हे कसं जमतं ते समजून घ्यायला आधी उपवास बाजूला ठेवून जेवण बघायला हवं. खरा चमत्कार तिथे आहे.

नव्वदच्या दशकात स्टीफन सेकॉर आणि जेरेड डायमंड या दोघांनी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात बर्मी अजगरांच्या पोटाचा अभ्यास सुरू केला. हे डायमंड म्हणजे पुढे 'गन्स, जर्म्स अँड स्टील' लिहून जगभर गाजलेले तेच. त्यांचा मूळ पेशा शरीरक्रियाशास्त्राचा. त्यांना आणि त्यांच्या मागून आलेल्यांना जे दिसलं ते असं. उपाशी अजगराचं जठर जवळजवळ बंद असतं. आत आम्लही नसतं, साध्या पाण्यासारखा उदासीन रस. आतडं आकसलेलं, त्याच्या आतल्या अस्तरावरचे अतिसूक्ष्म केसांसारखे धागे आखूड झालेले. यकृत आणि मूत्रपिंडंही लहान. मग एक दिवस सावज गिळलं जातं, आणि एका दिवसात जठर इतकं आम्ल होतं की हाडं विरघळतात. आतड्याचं वजन दुप्पट होतं, ते धागे चार-पाच पट लांबतात. चयापचयाचा वेग, सावज भलंमोठं असेल तर, ४४ पटीपर्यंत चढतो. आपला पोटभर जेवल्यावर फार तर दीडपट होतो, आणि तेवढ्यावर आपण दुपारची झोप मागतो.

हृदयही यातून सुटत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतल्या संशोधकांनी २००५ साली नोंदवलं की जेवणानंतर ४८ तासांत बर्मी अजगराच्या हृदयाच्या कप्प्याचं वजन ४० टक्के वाढलं. आपलं हृदय असं वाढलं तर बहुधा तो आजार असतो, इथे ती जेवणाची तयारी. २०११ मध्ये कोलोरॅडोच्या लेस्ली लाइनवँड यांच्या गटाला जेवलेल्या अजगराच्या रक्तात तीन मेदाम्लांचं एक मिश्रण सापडलं. ते उंदरांना टोचलं तर उंदरांची हृदयंही निरोगी रीतीने वाढली. अजगराने खाल्लेल्या उंदरापेक्षा टोचलेल्या उंदराचं नशीब बरं, असं ईशान म्हणाला.

मला मात्र हे सगळं वाचताना लग्नघर आठवत होतं. आपली आतडी म्हणजे गावातली खानावळ. गिऱ्हाईक असो नसो, शेगडी धगधगलेली हवी, कांदा चिरलेला हवा, पोऱ्याला पगार द्यायलाच हवा. अजगराचं पोट म्हणजे कार्याचा मांडव. कार्य निघालं की आचारी येतात, चुली मांडल्या जातात, मोठाली पातेली उतरतात, दोन दिवस नुसती धावपळ. पंगत उठली की मांडव उतरवतात, भांडी घासून पालथी घालतात, अंगण पुन्हा रिकामं. मधल्या काळात भाडं नाही, मजुरी नाही. मांडव उभारायला खर्च जबर येतो, सावजातून मिळालेल्या शक्तीचा मोठा भाग त्यातच जातो. पण कार्य दोन-चार महिन्यांतून एकदाच असेल तर हाच व्यवहार स्वस्त पडतो. बॉल पायथनही त्याच घराण्यातला, एका जागी बसून सावजाची वाट बघणारा. दीर्घ वाट बघणं हाच त्याचा धंदा.

दुसरी बचत त्याहून मोठी. आपण खातो त्यातला बराचसा भाग अंग ३७ अंशांवर ठेवण्यात जळतो. साप ते बिल भरतच नाही. ऊन असेल तिथे जाऊन बसतो आणि ऊब फुकट घेतो.

या बचतीला तळ कुठे आहे, हे आर्कान्सा विद्यापीठातल्या मार्शल मॅक्यू यांनी मोजलं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात तीन जातींचे ६२ साप होते आणि त्यात आपल्या गुंड्याची जातही. त्यांना १६८ दिवस, म्हणजे चोवीस आठवडे, खायला दिलं नाही. सापांनी वजनातला ९ ते २४ टक्के भाग गमावला. मुळातच मंद असलेला चयापचय आणखी उतरला, काहींचा ७२ टक्क्यांपर्यंत. इथपर्यंत आपण मान डोलावतो. पण पुढचं वाक्य मी दोनदा वाचलं. या काळात साप लांबीने वाढले. अन्नाचा कण पोटात नसताना, स्वतःची चरबी आणि थोडं मांस जाळत, ते लांब झाले.

हे सगळं मी रात्री बहिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "दत्तगुरूंच्या चोवीस गुरूंत अजगर आहे की." खरंच आहे! भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो, त्यात अजगर येतो. आपसूक मिळेल ते खावं, नाही मिळालं तर धावपळ न करता स्वस्थ पडून राहावं, हे त्याच्याकडून शिकलो, असं तो म्हणतो. एकनाथांनी याच स्कंधावर मराठीत टीका लिहिली आणि १५७३ मध्ये काशीत पुरी केली. आजीच्या देवघरात ती पोथी होती आणि अजगराचा गुरू म्हणून झालेला समावेश आम्हा मुलांना विनोदी वाटायचा. आता वाटतं, ज्याने कुणी हे पहिल्यांदा म्हटलं त्याने रानात अजगर नीट पाहिला होता. अजगर आळशी आहे असं आपण म्हणतो, कारण आपण त्याच्याकडे खानावळीच्या गल्ल्यावरून बघतो.

पण प्रश्न उरतोच. गुंड्याला रान नाही. दर आठवड्याला त्याच्या नाकासमोर उंदीर येतो आणि तो तोंड फिरवतो. का?

ईशानच्या पद्धतीप्रमाणे आम्ही एकेक शंका तपासली. पहिली ऊब. सापाला थंडी असेल तर तो खात नाही, आणि खाऊ नये हेच बरं, कारण उबेशिवाय पचन चालत नाही, गिळलेलं आतच सडतं आणि शेवटी उलटून पडतं. काचेच्या पेटीच्या एका टोकाला ३१-३२ अंश आणि दुसऱ्या टोकाला २५-२६ असावेत, म्हणजे साप हवं तिकडे सरकतो. थर्मोस्टॅट ३२ दाखवत होता. ईशानने हातातला इन्फ्रारेड तापमापक थेट जमिनीवर रोखला. २७! थर्मोस्टॅटची तार जागेवरून सरकून हीटरलाच चिकटली होती. ती स्वतः तापायची आणि पेटी गार ठेवायची. बाहेर बर्फ, पेटी खिडकीशी. ईशानचा चेहरा पडला. तार नीट बसवली, पेटी आतल्या भिंतीला घेतली.

दुसरी शंका लपायच्या जागेची. बिळात राहणाऱ्या प्राण्याला चहूबाजूंनी अंग टेकेल अशी अंधारी जागा लागते. मोठी, हवेशीर, छान सजवलेली पेटी आपल्याला आवडते, त्याला ती उघड्या माळासारखी वाटते. भ्यालेला साप जेवत नाही. आपल्याकडे घरात निघालेला नाग पकडून काही हौशी लोक बरणीत नाहीतर गोणीत दिवसचे दिवस ठेवतात आणि मग तो काही खात नाही म्हणून आश्चर्य करतात. त्याचं कारण हेच. गुंड्याकडे दोन नारळाच्या करवंट्यांएवढ्या गुहा होत्या. त्याच्या वाढत्या अंगाला त्या पुऱ्या पडत नव्हत्या, त्या बदलल्या.

तिसरी शंका कातेची. कात टाकण्याआधी सापाचे डोळे दुधाळ निळे होतात, नीट दिसत नाही, आणि त्या आठवडा-दीड आठवड्यात तो सहसा अन्नाला शिवत नाही. गुंड्याचे डोळे मात्र काळेभोर, स्वच्छ होते.

मग आली सगळ्यात सुरस गोष्ट, सावजाची. ईशान जिवंत उंदीर देत नाही. दयेचा भाग आहेच, पण बंद पेटीतला घाबरलेला उंदीर सापालाच चावून जबर जखमी करू शकतो. म्हणून गोठवलेले, पॅकबंद उंदीर आणतात. ते आधी घरच्या फ्रीजरमध्ये होते, ओल्या खोबऱ्याच्या शेजारी. त्यावरून झालेल्या महायुद्धानंतर गॅरेजमध्ये एक छोटा फ्रीजर आला. उंदीर आधी वितळवायचा, मग प्लास्टिकच्या पिशवीत घालून गरम पाण्यात धरायचा, कोरडा करायचा आणि लांब चिमट्याने शेपटीकडून धरून हळूच हलवायचा. गरम करण्याला फार महत्त्व आहे. या सापाच्या वरच्या ओठाच्या कडेने बारीक खळगे असतात. मी नाक काचेला लावून ते पाहिले, बाजरीचा दाणा रुतवून काढावा तसे. त्या खळग्यांना उष्णता जाणवते. अंधाऱ्या बिळात गरम रक्ताचा उंदीर त्याला उबेची आकृती म्हणून कळतो. गार उंदीर त्याच्या लेखी उंदीरच नव्हे, तो दगड.

हे खळगे चालतात कसे, हे २०१० मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या प्रयोगशाळेने उलगडलं. पुढे २०२१ चं नोबेल पारितोषिक ज्यांना विभागून मिळालं ते हेच ज्युलियस. खळग्यांतल्या चेतातंतूंवर टीआरपीए-१ नावाचं एक प्रथिन असतं. तेच प्रथिन आपल्यातही आहे. आपल्यात त्याचं काम काय? कैरीच्या लोणच्यासाठी मोहरी फेसताना झणका नाकातून थेट कपाळात जातो ना, तो झणका हेच प्रथिन कळवतं. आपल्याला जे मोहरी सांगतं, तेच सापाला उंदीर सांगतं. पुढच्या एप्रिलात परातीत मोहरी फेसताना मला गुंड्या आठवणार, हे नक्की.

वासाचीही भानगड असते. नायजेरियातल्या एका अभ्यासात दिसलं की सत्तर सेंटिमीटरहून लहान बॉल पायथन जवळजवळ फक्त पक्षी खातात, आणि मीटरभराचे झाले की बहुतेक उंदीरवर्गीय प्राण्यांवर येतात. साप जिभेने हवेतले कण टिपून टाळूतल्या खास इंद्रियाला नेऊन लावतो आणि ठरवतो, हे अन्न की नाही. रानात पकडलेल्या कित्येक सापांना प्रयोगशाळेतला पांढरा उंदीर हे अन्न आहे हेच पटत नाही. गुंड्या मात्र जन्मापासून तेच खात आलेला, त्यामुळे ही शंकाही बाद.

उरला ऋतू. प्रौढ नर थंडीच्या, विणीच्या महिन्यांत जेवण सोडतात, मादी जवळ नसली तरी. मादी असती तर अंड्यांभोवती वेटोळं घालून दोनेक महिने उपाशी बसली असती. ईशानच्या मते अर्धा दोष थर्मोस्टॅटचा आणि अर्धा डिसेंबरचा.

मधे बहिणीच्या सासूबाईंचा सांगलीहून फोन आला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "वाटीभर दूध ठेवून बघा की." बत्तीस शिराळा त्यांच्यापासून दूर नाही, त्यांचा सल्ला त्या मातीतला. पण साप दूध पीत नाही. त्याला लागतं ते पाणी, आणि ते मात्र पेटीत सतत हवं. नागपंचमीला गारुड्याच्या टोपलीतला नाग दुधाला तोंड लावतो, कारण त्याला आधी दिवसचे दिवस तहानलेला ठेवलेलं असतं. ते दूध त्याला पचत नाही आणि पुष्कळदा त्यातच तो मरतो. सासूबाईंना हे ईशानने नीट, अदबीने समजावलं. त्या म्हणाल्या, "बरं बाबा, मग पाणी ठेव."

इथे आपल्या वाचकांसाठी एक खुलासा. हे सगळं ओहायोतलं. भारतात नाग, धामण, अजगर असा कोणताही देशी साप पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. बॉल पायथनसारखे परदेशी साप बाळगणाऱ्यांनाही आता सरकारकडे नोंद करावी लागते, आणि विमानतळांवर सामानात लपवून आणलेले असे साप वरचेवर पकडले जातात. हे वाचून कुणाला हौस वाटली तर ती पुण्याच्या कात्रजला जाऊन भागवावी.

उपवास आणि आजार यांच्यातली रेघ कुठे असते? ईशानच्या सापांच्या डॉक्टरीणबाईंनी ती फोनवर समजावली, आणि मला ते सगळ्यात उपयोगी वाटलं. काट्याकडे बघा, म्हणाल्या, कॅलेंडरकडे नको. प्रौढ साप महिनोन्महिने जेवला नाही तरी वजन जागेवर असेल, अंग भरीव असेल, जीभ लवलवत असेल तर थांबा. वजन दहा टक्क्यांच्या पलीकडे घसरलं, पाठीचा कणा धारदार वर आला, नाकातोंडाशी बुडबुडे किंवा चिकट लाळ दिसली, तोंड उघडं ठेवून श्वास घेतला, हिरड्या सुजल्या, खवल्यांमध्ये काळे ठिपके चालताना दिसले, तर त्याच दिवशी घेऊन या. पिल्लू असेल तर मुळीच वाट बघू नका, त्याच्या अंगात साठा नसतो. आणि काहीही झालं तरी घरच्या घरी तोंड उघडून कोंबू नका.

हे शेवटचं बहिणीला जड गेलं. आमच्या आईने आम्हा दोघींना नाक दाबून एरंडेल पाजलेलं. न खाणाऱ्याला भरवणं हे आमच्या रक्तात आहे. आणि इथे डॉक्टरीणबाई सांगत होत्या की रोज पेटीत हात घालू नका, रोज उंदीर नाचवू नका, पंधरा दिवसांनी एकदा विचारा, नाही म्हणाला तर उचला आणि दिवा मालवा.

मी जानेवारीत परतले. फेब्रुवारीतलं वजन १५१५. मार्चच्या सुरुवातीला १४९८, म्हणजे सात टक्क्यांची घट. मॅक्यू यांच्या सापांचे चोवीस आठवडे गुंड्याने मार्चच्या मध्यावर पार केले. मग एका सकाळी, आमच्या सकाळी, बहिणीचा व्हिडिओ कॉल. तिकडे रात्र. ईशान शाळेच्या सहलीला गेलेला आणि नेमका विचारायचा दिवस आलेला. जिला दोन वर्षं घरात साप नको होता ती गॅरेजमधून उंदीर आणून, गरम पाण्यात धरून, लांब चिमटा घेऊन लाल दिव्यात बसली होती. फोन टेबलाला टेकवलेला. नव्या गुहेच्या तोंडाशी गुंड्याचं डोकं. जीभ एकदा आत-बाहेर. मग बराच वेळ काहीच नाही. मान इंग्रजी एससारखी मागे ओढली गेली आणि पुढचं मला दिसलंच नाही, एवढ्या झटक्यात ते झालं. चिमटा खाली पडल्याचा आवाज, आणि पडद्यावर उंदराभोवती दोन वेढे.

"ताई," ती कुजबुजली, "घेतला गं."

डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून उंदीर नेहमीपेक्षा लहान होता. मांडव एवढ्या दिवसांनी उभारायचा, एकदम मोठी पंगत नको. गिळायला सात मिनिटं लागली. त्यातलं एकही मिनिट आम्ही दोघी बोललो नाही.

नऊ दिवसांनी पुन्हा फोन. मी मीटिंगमध्ये होते, तरी उचलला.

"ताई, गुंड्याला शी झाली!"